धुरामागची व्याहीभेट

साखरपुडा परवावर आला होता. कोकिळाबाई चहा घेऊन आतल्या खोलीत गेल्या, तर नवलभाऊ लोखंडी कपाटाला मिठी मारून उभे होते. डोळे मिटलेले, गाल आरशाला टेकलेला आणि एक हात कपाटाच्या पाठीवर थोपटल्यासारखा हलत असलेला.

"काय चाललंय हे?"

"सराव," मिठी न सोडता नवलभाऊ म्हणाले. "व्याहीभेटीचा. आधी डावा खांदा की उजवा, तेच ठरत नाहीये."

"आणि कपाट काय म्हणतंय?"

"कपाट काही म्हणत नाही. म्हणून तर जमतंय."

कोकिळाबाईंनी चहाचा कप स्टुलावर ठेवला आणि आल्या तशा बाहेर गेल्या. लग्नाला इतकी वर्षे झाल्यावर माणूस कपाटाकडे गेला, निदान घराबाहेर तर गेला नाही, एवढ्यावर समाधान मानायची त्यांना सवय झाली होती.

नवलभाऊ भित्रे होते असे कोणी म्हणू शकले नसते. नशिराबादच्या शेतात त्यांनी उघड्या हाताने साप बाहेर काढलेला लोकांनी पाहिला होता. भीती त्यांना फक्त माणसांची वाटे, आणि तीही माणसे त्यांच्याकडे बघू लागली तरच. पाटबंधारे खात्यात ते अनुरेखक होते. नकाशावर कागद ठेवून धरणे-कालवे गिरवायचे काम. धरण कधी 'काय नवलभाऊ, आज गप्प गप्प?' असे विचारत नाही, त्यामुळे नोकरी सुखाची चालली होती.

अडचण घर ते कचेरी या रस्त्यात होती. शेअर रिक्षात बसले की उतरताना 'थांबवा' म्हणावे लागते. तो शब्द नवलभाऊंच्या गळ्यापर्यंत येई आणि तिथेच बसून राही. मुलगी भूमिका लहान होती तेव्हा शाळेला सोबत असायची. तीच खणखणीत आवाजात ओरडायची, "काका, थांबवा!" पुढे ती बँकेत लागली, तिची वेळ बदलली. तेव्हापासून दुसरा कोणी उतरेल तिथे नवलभाऊ उतरत आणि उरलेले अंतर चालत. या पद्धतीने जळगावातल्या बहुतेक गल्ल्या त्यांच्या पायाखालून गेल्या होत्या आणि साखरही आटोक्यात राहिली होती.

भूमिकाने एकदा त्यांना मोबाइलवर वाचून दाखवले होते. या प्रकाराला नाव असते, त्याचे डॉक्टर असतात, फरक पडतो. नवलभाऊंना डॉक्टरकडे जायला काहीच हरकत नव्हती. पण तिथे खिडकीवर नाव सांगून नंबर लावावा लागतो असे कळले, आणि उपचार तिथेच थांबले.

अशा माणसाच्या मुलीचे लग्न ठरले, तेही पाहण्या-बैठकांतून, तर ते त्यांनी न पाहिलेल्या माणसांशीच ठरणार होते. मुलगा ललित धुळ्याला नोकरीला, घर पिंपळनेरकडचे, शेतीवाडी. मुलाकडचे पाहायला आले त्या दिवशी नवलभाऊंना ताप आला. मुलाचे घर पाहायला पिंपळनेरला जायचे ठरले, तेव्हा पाठीत उसण भरली. सगळी बोलणी कोकिळाबाईंच्या भावाने, कुंदनमामांनी केली. कुंदनमामांना बोलायला विषय लागत नसे, माणसे मिळाली की पुरे. योगायोग असा, की मुलाचे वडीलही कोणत्याच बैठकीला नव्हते. एकदा त्यांना शेतात पाणी भरायचे होते, एकदा बैल आजारी पडला होता. तिकडची सगळी सूत्रे मुलाच्या आत्याकडे, सुगंधाबाईंकडे होती. दोघा व्याह्यांनी एकमेकांचा फोटोसुद्धा पाहिला नव्हता. व्हॉट्सअॅपवर एकाच्या नावापुढे गुलाबाचे फूल होते आणि दुसऱ्याच्या नावापुढे बैल.

"बाबा, मी दुसरं काही मागत नाही," भूमिका म्हणाली होती. "भाषण नको, नाचणं नको. फक्त व्याहीभेटीला स्टेजवर या. एक मिठी, एक टॉवेल-टोपी, झालं. याल ना?"

"येईन," नवलभाऊ म्हणाले. मुलीला दिलेला शब्द त्यांनी आजवर मोडला नव्हता. तिने तसा अवघड शब्द कधी मागितला नव्हता, हेही खरे.

आणखी एक गोष्ट भूमिकाने हट्टाने ठरवून घेतली होती. जेवणात भरीत पाहिजे, आणि तेही गॅसवरचे नाही, मागच्या शेतात कपाशीच्या काड्यांवर भाजलेले. "पनीर-बिनीर ठेवा की," कुंदनमामा म्हणाले. भूमिकाने ऐकले नाही.

भरताशी नवलभाऊंचे जुने नाते होते. थंडीत जळगावकडे शेताशेतांत भरीत पार्ट्या झडतात, आणि कुठल्याही पार्टीत नवलभाऊ विस्तवापाशी सापडत. तिथे बसणाऱ्याला कोणी काही विचारत नाही, हे त्यांनी तरुणपणीच हेरले होते. डोळ्यांत धूर असल्याने कोणाच्या डोळ्यांत बघावे लागत नाही, आणि हातात काडी असल्याने हातांचे काय करायचे हा प्रश्न सुटतो. लपता लपता त्यांचा हात असा बसला होता, की वांगे नुसते पाहून ते आतून शिजले की नाही सांगत.

रविवारी हायवेच्या लॉनवर मांडव भरला. कुंदनमामांनी सकाळीच माइक ताब्यात घेतला होता. मुलाकडच्या गाड्या येऊन थांबल्या, पाहुणे उतरले, ओळखीपाळखी सुरू झाल्या. कोणीतरी नवलभाऊंच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "काय यजमान!" नवलभाऊ दोन पावले मागे सरले.

"वांगी बघून येतो," ते कोकिळाबाईंना म्हणाले.

"पाच मिनिटांत या."

मांडवामागे केळीच्या बागेला लागून मोकळे रान होते. तिथे झिपरू आचाऱ्याने जाळ केला होता. हिरवी, लांबट, कोपरापर्यंतच्या हाताएवढी वांगी एका बाजूला रचलेली. नवलभाऊंना पाहताच झिपरू म्हणाला, "बरं झालं भाऊ आले. इथं बसा जरा, मी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांकडं बघतो. पोरं पार जाड लाटून राहिली."

नवलभाऊंनी नवा कोट काढून केळीच्या खांबाला अडकवला, डोक्याला पंचा गुंडाळला आणि बसले. पहिल्याच धुराने छाती मोकळी झाली. चार-सहा वांगी फिरवली असतील, तोच धुरापलीकडे एक पांढरे धोतर येऊन उभे राहिले.

"राम राम भाऊ. जरा शेकू का अठे?"

"बसा ना."

धोतर बसले. वर एक राकट, उन्हाने रापलेला चेहरा होता आणि नवी कोरी टोपी. "तुम्ही आचारी शेतस ना?" पाहुण्याने अहिराणीत विचारले.

नवलभाऊंनी क्षणभर विचार केला. 'नाही' म्हटले असते तर 'मग कोण?' आले असते, आणि 'नवरीचा बाप' म्हटले असते तर हा माणूस तत्काळ उभा राहून नमस्कार करू लागला असता. "हो," ते म्हणाले. आणि असे म्हणताच त्यांना जन्मात प्रथमच कळले, की आचाऱ्याला काय हवे ते बोलता येते.

"आमच्याकडे वांग्याला टोचे मारून भाजतात," त्यांनी सुरुवात केली. "नाहीतर फुटतं. तुमच्याकडे कसं?"

"तसंच. पण आमनाकडे भरीतमा टमाटा टाकतस."

"टमाटा? भरतात?" नवलभाऊंचा आवाज चढला. तो चढू शकतो हे त्यांनाही माहीत नव्हते. "राग मानू नका, पण मग वांगं कशाला भाजता? टमाट्याचंच खा ना."

"तुम्ही खाईसन देखेल शे का?"

"बघायचंही नाहीये."

पाहुणा मोठ्याने हसला. नवलभाऊही हसले. मग कांद्याची पात किती, लसूण कधी, शेंगदाणे अख्खे की अर्धे, यावर दोघे असे भांडले, की जुने मित्र वाटावेत. मधूनच मांडवाकडून माइक ऐकू येई, "हॅलो, हॅलो, वधूपिता नवलभाऊ यांनी स्टेजकडे यावे." थोड्या वेळाने, "वरपिता उखर्डूनाना यांनीही यावे." दोघेही त्या वेळी वांगी उलटायला वाकत.

"तुम्ही मांडवात नाही बसले?" नवलभाऊंनी विचारले.

पाहुण्याने आवाज उतरवला. "बठ्ठा माणसं मन्हाकडेच देखतस. माले घाम फुटस. बाथरूमना बहाना करीसन उनू. आते तठे मिठी मारनी पडी म्हने, व्याहीले. मी आठ दिन घरना मांगला निंबना झाडले मिठी मारी देखी."

"जमली?"

"निंब काही बोलस नही. म्हणीसन जमनी."

नवलभाऊंच्या हातातली काडी विस्तवात पडली.

"मी कपाटाला," ते म्हणाले.

दोघांनी प्रथमच धुरातून एकमेकांकडे नीट पाहिले. एक वांगे फुस्स करून फुटले.

"बैल आजारी होता तुमचा," नवलभाऊ शेवटी म्हणाले.

"तुमले ताप व्हता," उखर्डूनाना म्हणाले. "बैल आजारी नव्हता, भाऊ. बैल बिचारा चांगला व्हता."

"मलाही ताप नव्हता."

"तुमनी पोरनीच धाडं माले अठे. म्हने, नाना, विस्तोपाशी जाईसन बसा. तठे एक माणूस शे, तो काही इचारत नही."

आता खरे तर दोघांनी उठून मांडवात जायला हवे होते. ते उठलेही. तेवढ्यात माइकमधून कुंदनमामांचा वेगळाच आवाज आला. त्यांनी माइक बंद न करता खाली धरला होता, त्यामुळे स्टेजवरची खाजगी कुजबुज केळीच्या बागेतसुद्धा स्वच्छ ऐकू येत होती.

"अक्का, तुमचे नाना दिसत नाहीत. काही राहिलं का आमच्याकडून? गेटवर टोपी दिली नाही का कोणी?"

"आमना नाना रुसनारा माणूस नही," हा सुगंधाबाईंचा आवाज. "पण नवरीना बाप कोठे शे? आजलोंग त्यानी तोंड दखाडं नही. पोऱ्या पसंत नही का त्याले?"

"अहो, असं काय! भाऊजी नक्की नानांचीच समजूत काढायला गेलेत."

"म्हणजे नाना रुसनाच म्हनो तुम्ही!"

धुरामागे दोघे व्याही पुन्हा खाली बसले.

"आता गेलो तर सगळे बघतील," नवलभाऊ म्हणाले.

"मंग जराशी थांबूत."

"थांबलो तर आणखी जास्त बघतील."

"मंग आते काय करानं?"

"थोडं थांबू." अशा प्रसंगी नवलभाऊंचे तर्कशास्त्र नेहमी याच ठिकाणी येऊन पोचे. प्रत्येक मिनिटाला जाणे अवघड होत होते, आणि अवघड होत होते म्हणूनच जाणे पुढे ढकलावे लागत होते. उखर्डूनानांना हे अजिबात समजावून सांगावे लागले नाही. पन्नाशीपुढे येऊन असा माणूस भेटणे काही साधी गोष्ट नव्हती.

मांडवात प्रकरण रंगले होते. दोन्ही बाजूंना आपापला बाप सापडत नव्हता, त्यामुळे दोन्ही बाजूंना वाटत होते की समोरचा बाप रुसला. आणि रुसलेल्याला मनवायचे तर काहीतरी सोडावे लागते. कुंदनमामांनी सोडायला सुरुवात केली. "अक्का, लग्न तुमच्याच गावी करू. आमचं काही म्हणणं नाही."

"नही नही. लगीन तुमनाच गावले करा. आमनी वरात आम्ही लई येसूत."

"बँडचं आमच्याकडे."

"बँड नकोच. साधं करूत."

"मग घोडाही नको."

पाहता पाहता दोन्ही पक्षांनी इतके सोडून दिले, की लग्नात नवरा-नवरीखेरीज काही उरले नाही. तेव्हा पारोळ्याहून आलेल्या एका म्हाताऱ्या आबांचा खरखरीत आवाज माइकवर आला. "एवढं सगळं सोडं तं मंग वाट कसानी देखतस? बठ्ठा गोतावळा जमेल शे, जेवण तयार शे. साखरपुडामाच लगीन लाई टाका!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. साखरपुड्यातच लग्न उरकण्याची कल्पना खान्देशात कोणाला नवी नाही. दरवर्षी कुठे ना कुठे उरकतात, आणि दोन्ही घरांचे कौतुक होते. पण ते दुसऱ्याच्या मुलीचे असते तेव्हा.

मग माइकवर भूमिकाचा आवाज आला. "मामा, माझं ऐका..."

"तू गप्प बस गं बेटा," कुंदनमामा म्हणाले. "मोठी माणसं बोलताहेत ना."

नवलभाऊ ताडकन उठले. ज्या मुलीने त्यांच्यासाठी सगळ्या रिक्षा थांबवल्या, तिलाच तिकडे कोणी बोलू देत नव्हते, आणि तिचे लग्न लागत होते. तेही बाप वांगी भाजत बसला म्हणून. उरलेला हिशोब नंतर करता येणार होता.

"नाना, चला."

"मी बी?"

"एकट्याने जमणार नाही."

मांडवात सगळ्यांच्या माना एकदम मागे वळल्या. डोक्याला पंचा, तोंडाला काजळी, हातात धुमसती काडी घेतलेले नवलभाऊ मधल्या वाटेने चालत येत होते, आणि त्यांच्या पाठीला जवळजवळ चिकटून नवी कोरी टोपी येत होती. "आचारी कशाला येतोय?" कोणीतरी विचारले. नवलभाऊंचे दोन्ही पाय पावलापावलाला मागे फिरायची परवानगी मागत होते. स्टेजवर टॉवेलचा आंतरपाट करून धरलेला होता. एका बाजूला ललित, दुसऱ्या बाजूला भूमिका. नवलभाऊंनी मेव्हण्याच्या हातातून माइक घेतला. मेव्हण्याच्या हातातून माइक घेणारा माणूस त्या कुटुंबात पहिल्यांदाच निपजला होता.

गळ्यात अनेक वर्षे बसून राहिलेला शब्द हलला.

"थांबवा!"

तो लॉनवर घुमला, केळीच्या बागेत घुमला, आणि हायवेवर एक टेम्पो हळू झाल्यासारखाही वाटला. आता सगळे त्यांच्याकडेच बघत होते. सगळेच्या सगळे. तरीही नवलभाऊ विस्तवाकडे परत पळाले नाहीत, याचे सर्वांत जास्त आश्चर्य त्यांनाच वाटले.

"भूमिका," ते म्हणाले. "आधी तू सांग. तुला आज करायचंय का लग्न? नसेल तर कोणी काही म्हणो, मी आहे इथे."

भूमिकाने आंतरपाटावरून वाकून बापाच्या कानाशी तोंड नेले. पण माइक चालूच होता.

"बाबा, करायचंय. मी मामांना तेच सांगत होते, की लवकर लावा म्हणून."

"काय?"

"आणखी चार महिन्यांनी परत मांडव, परत स्टेज, परत व्याहीभेट. तुम्ही तोवर ते कपाट वाकवलं असतं. ललित म्हणाला, त्याचे नानाही झाडापाशीच असतात. आबांच्या कानात आम्हीच घातलं."

"आणि आम्ही कुठे आहोत, ते..."

"तुम्ही विस्तवापाशीच असणार, म्हणून नानांनाही मीच तर पाठवलं ना तिकडे. म्हटलं, दोघं तिथे शांत बसतील, इकडे लग्न लागेल, मग हळूच बोलवू." ती थबकली. "तुम्ही असे याल असं वाटलंच नव्हतं बाबा."

सगळ्या मांडवाने हे ऐकले. सुगंधाबाईंनी पदर तोंडाला लावला, तो हसण्यासाठी की डोळ्यांसाठी, ते कळले नाही. आयुष्यात पहिल्यांदा नवलभाऊंनी एक गाडी थांबवली होती, आणि ती नेमकी जायची तिकडेच चालली होती. त्यांनी हातातली धुमसती काडी खाली टेकवून विझवली. मग घसा खाकरून माइकमध्ये म्हणाले, "बरं. चालू द्या."

मंगलाष्टके कुंदनमामांनी म्हटली, माइक परत मिळाल्याच्या आनंदात जरा जास्तच. अक्षता पडल्या. व्याहीभेट पुकारली गेली, तेव्हा दोघांना डावा-उजवा काही आठवावे लागले नाही. उखर्डूनानांच्या पांढऱ्या सदऱ्यावर नवलभाऊंच्या तोंडाची काजळी गालासकट उमटली. फोटोत ती अजून दिसते.

"कपाटापेक्षा बरं वाटलं," नवलभाऊ कानात म्हणाले.

"निंब टोचस," उखर्डूनाना म्हणाले. "पण टमाटा टाकाना व्हता, भाऊ."

जेवायला मात्र अडचण झाली. विस्तवापाशी कोणीच न राहिल्याने वांग्यांचा शेवटचा घाणा पार कोळसा झाला होता, आणि मागच्या पंक्तींना पुऱ्या नुसत्या ठेच्याशी खाव्या लागल्या. त्याबद्दल झिपरूने नवलभाऊंना जे ऐकवले, ते त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतले. एका दिवसात माणूस किती बदलणार?

मंगळवारी ते नेहमीच्या शेअर रिक्षाने कचेरीला निघाले. घर सुने झाले होते, पण खिशातला मोबाइल सकाळपासून तीनदा वाजला होता. पिंपळनेरहून बैल फोन करत होता. रिक्षा भरलेली होती. भाजी मंडई गेली. पुढचा चौक येत होता. तिथे नवलभाऊंना उतरायचे नव्हते, कचेरी अजून लांब होती. पण शब्द गळ्यात अगदी वर येऊन बसला होता. पुन्हा खाली गेला तर काय भरवसा?

"थांबवा!" ते म्हणाले.

रिक्षा करकचून थांबली. सगळ्यांनी वळून त्यांच्याकडे पाहिले. रिक्षावाला म्हणाला, "उतरा काका."

नवलभाऊ उतरले नाहीत. मांडीवरचा डबा त्यांनी नीट धरला, सगळ्यांच्या बघण्याकडे एकदा शांतपणे बघून घेतले आणि म्हणाले, "नाही, नाही. चालू द्या."